हरिपुरा पोस्टरची हाताने रंगवलेली प्रतिकृती: कागदापासून शेवटच्या रेघेपर्यंत

फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या हरिपुरा गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. गांधीजींनी सजावटीचे काम चित्रकार नंदलाल बोस यांच्यावर सोपवले होते. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खानदेशात फैजपूरला झालेल्या अधिवेशनाची सजावटही त्यांनीच केली होती. हरिपुऱ्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनातल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून सुमारे चारशे पोस्टरे तयार केली. त्यांतली ऐंशीहून अधिक त्यांच्या स्वतःच्या हातची. विषय काय, तर ढाक म्हणजे मोठा ढोल वाजवणारा ढाकी, नांगर धरलेला शेतकरी, पैलवान, बैल आवरणारा माणूस. ना घोषणा, ना पुढाऱ्यांचे चेहरे. राबणारा माणूस मंडपाच्या दारावर मानाने उभा केला, हेच त्या चित्रांचे राजकारण.

ही पोस्टरे हातकागदावर, मातीच्या रंगांत केलेली आहेत. पुण्यात बसून त्यांची चांगली प्रतिकृती करता येते, कारण लागणारे जवळजवळ सगळे सामान इथेच मिळते. अडचण सामानाची नसते. बहुतेक प्रतिकृती फसतात त्या एकाच कारणाने: माणसे आधी बाह्यरेषा ट्रेस करतात आणि मग त्या रेषेवरून जपून ब्रश फिरवतात. मूळ रेघ खांद्यातून, एका दमात आलेली असते. जपून फिरवलेली रेघ तिच्याशेजारी आजारी दिसते. म्हणून या लेखात रंग आणि कागदाइतकीच जागा रेघेच्या तयारीला दिली आहे.

आधी एक खुलासा. पुण्याची स्वतःचीही राजकीय चित्रांची परंपरा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या चित्रशाळेची छापील चित्रे अनेक जुन्या वाड्यांत लागलेली असत. पण ती दगडावरून छापलेली आहेत. त्यांतली छटा बारीक ठिपक्यांतून आणि एकावर एक बसलेल्या छापांतून येते. ब्रशने ती उतरवायला गेलात तर वेगळेच चित्र होईल. हरिपुऱ्याचे तसे नाही. ती ब्रशचीच आहेत, त्यामुळे ब्रश त्यांच्यापर्यंत पोचू शकतो.

चित्र निवडताना

पहिल्यांदा एकच माणूस असलेले पोस्टर घ्या. ढाकी उत्तम. अंगाला वळण आहे, वाद्याचा मोठा सपाट आकार आहे आणि हात कुठे चालले आहेत ते स्पष्ट दिसते. पैलवानांची जोडी नंतर. तिथे चार हात एकमेकांत गुंततात आणि कोणती रेघ आधी आली हे वाचणे नवख्याला जमत नाही.

मोठा संच दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. जमेल तर मूळ चित्र एकदा डोळ्यांनी पाहून या. नाही जमले, तर असा फोटो मिळवा ज्याखाली चित्राचे माप दिलेले आहे. मापे सारखी नाहीत, पण बरीचशी पोस्टरे उंचीला दोन फुटांच्या आसपास आहेत. मोबाइलच्या पडद्यावरून रंग जुळवू नका. प्रत्येक पडद्यावर गेरू वेगळा दिसतो. ए-३ आकाराची चांगली प्रिंट काढा आणि ती खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात ठेवूनच रंग ठरवा.

हक्कांबद्दलही आधीच समजून घ्या. नंदलाल बोस १६ एप्रिल १९६६ रोजी गेले. आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे या चित्रांचा ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रतिकृती करायला हरकत नाही. त्या तारखेआधी विकायची किंवा छापायची असेल तर परवानगी घ्यावी लागते.

कागद

शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची, म्हणजे ज्या ग्रामोद्योगाच्या वाऱ्यात ही पोस्टरे झाली त्याच काळातली. तिथे किंवा अप्पा बळवंत चौकातल्या चित्रकलेच्या दुकानांत सुती चिंध्यांचा, २०० ते २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) पांढरा हातकागद मागा. फुलांच्या पाकळ्या किंवा गवत घातलेला शोभेचा कागद नको. त्यावर रंग एकसारखा बसत नाही.

घेतल्यावर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभर थेंब वर टिकला तर कागद तयार आहे. लगेच आत शिरला तर त्याला सरसाचा हात द्यावा लागेल, नाहीतर रंगातला डिंक कागद पिऊन टाकतो आणि वर नुसती माती उरते. ५ ग्रॅम जिलेटिन २०० मिलि गार पाण्यात अर्धा तास भिजवा. मग भांडे गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळू मात्र देऊ नका, उकळले की चिकटपणा मरतो. त्यात अर्धा ग्रॅम तुरटीची पूड घाला. तुरटी याहून वाढवू नका, आम्लामुळे कागद पुढे पिवळा पडतो. हे पाणी कोमट असताना रुंद ब्रशने एकदाच फिरवा आणि कागद रात्रभर सपाट वाळू द्या. जास्त दाट सरस दिलात तर कागद काचेसारखा होतो, आणि वरचा रंग महिन्याभरात पोपडे धरतो.

मूळ पोस्टरे स्ट्रॉबोर्डवर, म्हणजे गवताच्या लगद्याच्या पुठ्ठ्यावर चढवलेली होती. आपण ती नक्कल करू नये. स्ट्रॉबोर्ड आम्लधर्मी असतो आणि कागदाला खातो. रंगवताना कागद प्लायवुडच्या फळीवर ताणा: चारही बाजूंना ३ सेंटिमीटर जास्त ठेवून कापा, मागून पाण्याचा फवारा मारा, पाच मिनिटे मुरू द्या, आणि पाणी लावून चिकटणाऱ्या खाकी कागदी पट्टीने कडा बसवा. वाळला की तो ढोलकीच्या चामड्यासारखा ताठ होतो.

रंग

पाच रंगांत काम भागते: गेरू, पिवळी माती म्हणजे रामरज, काजळी, पांढरा, आणि हवा असेल तर हिरवी माती. निळा लागला तर अल्ट्रामरीनची कोरडी पूड घ्या. कपड्यांची पातळ नीळ अजिबात नको, ती शेजारच्या रंगात फुटते आणि उन्हात उडते.

गेरू रविवार पेठेत सुटा मिळतो, पण तो तपासून घ्या. काचेच्या पेल्यात चिमूटभर गेरू ढवळून तासभर ठेवा. वरचे पाणी नितळत गेले तर ती माती. पाणी लाल सरबतासारखे राहिले तर त्यात डाय मिसळलेला आहे, तो परत करा. चांगल्या गेरूतही वाळू असतेच. २०० ग्रॅम गेरू २ लिटर पाण्यात ढवळा, मनात चाळीसपर्यंत मोजा आणि वरचे लाल पाणी अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता. तळाशी राहिलेली खर टाकून द्या. हे आणखी दोनदा करा. शेवटचे पाणी रात्रभर ठेवले की तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ बसतो. वरचे पाणी काढून तो सावलीत वाळवा. हा धुतलेला गेरू आणि दुकानातला गेरू शेजारी शेजारी लावून पाहा. दुसऱ्यात ब्रश ओढताना कर्र लागते आणि रेघ मध्येच तुटते.

पांढऱ्यासाठी नुसती खडूची पूड पुरत नाही. डिंकात ओली असताना ती जवळजवळ पारदर्शक दिसते, वाळल्यावर फिकट पांढरी होते आणि खालचा रंग झाकत नाही. निम्मी खडू आणि निम्मा टायटॅनियम व्हाइट घ्या. सफेदा म्हणून सुटी मिळणारी पूड, हिंगूळ आणि हरताळ यांना हात लावू नका. त्यांत अनुक्रमे शिसे, पारा आणि आर्सेनिक असू शकते. कोणतीही कोरडी पूड हाताळताना तोंडाला मास्क हवा आणि पंखा बंद हवा.

आता डिंक. सगळी गडबड इथे होते. बाभळीचा स्वच्छ, फिकट डिंक घ्या. लाडवांसाठी म्हणून मिळणाऱ्या डिंकात धावड्याचाही असतो. तो पूर्ण विरघळत नाही, जेलीसारखा फुगून बसतो. कतिरा तर नुसता फुगतोच. बाभळीचा १०० ग्रॅम डिंक कुटून २०० मिलि कढत पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी मलमलीतून गाळा. त्यात एक चहाचा चमचा मध घाला म्हणजे रंग ठिसूळ होत नाही, आणि लवंगेच्या तेलाचे चार-पाच थेंब घाला म्हणजे बुरशी धरत नाही. बाटली फ्रीजमध्ये महिनाभर टिकते. आंबूस वास आला की फेकून द्या.

रंगाची पूड आधी नुसत्या पाण्यात श्रीखंडाइतकी घट्ट कालवा. काचेच्या तुकड्यावर किंवा गुळगुळीत शहाबादी फरशीवर सपाट बुडाच्या वरवंट्याने पंधरा मिनिटे घोटा. मग तीन चमचे लगद्याला एक चमचा डिंकाचे पाणी. काजळीला जास्त लागते, दोनास एक. काजळी तेलकट असल्याने पाण्यावर तरंगत राहते. तिला आधी स्पिरिटचे काही थेंब देऊन भिजवा, मग पाणी घाला.

आता चाचणी, आणि ही चुकवू नका. त्याच हातकागदाच्या पट्टीवर रंगाचा हात द्या, पूर्ण वाळू द्या, आणि अंगठा दाबून घासा. अंगठ्याला रंग लागला तर डिंक कमी आहे, पाव चमचा वाढवा. नाही लागला तर पट्टी पेन्सिलीभोवती हळूच गुंडाळा. रंगाला चिरा गेल्या, किंवा तिरक्या उजेडात चकाकी दिसली, तर डिंक जास्त झाला, तेव्हा लगदा वाढवा. बरोबर जमलेला रंग सारवलेल्या भिंतीसारखा मऊ आणि निस्तेज दिसतो. प्रत्येक रंगाची पट्टी वेगळी करा. गेरूला जमलेले प्रमाण पांढऱ्याला जमेलच असे नाही.

हे सगळे करायला वेळ नसेल तर बाटलीतले पोस्टर कलर सरावाला चालतात. अंतिम चित्रालाही चालतील, पण त्यांतले भडक लाल आणि पिवळे टाळा आणि त्यांत थोडा धुतलेला गेरू मिसळून त्यांचा तोरा उतरवा.

रेघ वाचणे

कागदाला हात लावण्याआधी दोन संध्याकाळी फक्त बघण्यात घालवा. प्रिंट समोर ठेवून प्रत्येक रेघ कुठून निघाली आणि कुठे संपली ते शोधा. ब्रश टेकतो तिथे रेघ भरलेली आणि गोलसर असते. जिथे उचलतो तिथे ती बारीक होते, किंवा केस फाकून कोरड्या तारा सुटतात. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे वरची कोणती ते नीट पाहा, म्हणजे क्रम कळतो. खांद्यापासून कोपरापर्यंतची एखादी रेघ घ्या. ती खांद्यावर जाड असते, दंडावर किंचित पातळ होते, कोपरावर दाब वाढून पुन्हा जाड होते आणि तिथून सुटते. ही एकच रेघ आहे, तीन नव्हेत. ट्रेस करणाऱ्याच्या हातून तिच्या तीन होतात.

प्रिंटची साध्या कागदावर काळी-पांढरी झेरॉक्स काढून तिच्यावर लाल पेनने प्रत्येक रेघेला क्रमांक आणि बाण द्या. एका माणसाच्या आकृतीला साधारण पंचवीस ते चाळीस क्रमांक होतात. साठाच्या पुढे गेलात तर समजा की तुम्ही लांब रेघांचे तुकडे पाडत आहात.

मग सराव. वर्तमानपत्राचा कोरा कागद किलोवर मिळतो, तो घ्या. मऊ केसांचा गोल ब्रश, १२ किंवा १४ नंबरचा, ज्याला टोक नीट येते. कागद जमिनीवर किंवा उतरत्या फळीवर, प्रतिकृतीच्याच मापाचा. उभे राहा किंवा वाकून बसा, पण मनगट टेकवू नका. ब्रश पूर्ण बुडवून एका कडेने निथळा, जवळजवळ उभा धरा आणि हात खांद्यातून चालवा. रंग दुधाइतका पातळ हवा. दाट असेल तर ब्रश अर्ध्यातच कोरडा होतो आणि माणूस नकळत हात आखडतो. अवघड रेघा वीस-वीस वेळा काढा. चित्राकडे न पाहता रेघ आली की ती हातात बसली. हे काम आठवड्याचे आहे. हा आठवडा वाचवायचा असेल तर पुढचे सगळे सामान आणूच नका.

चित्र उतरवणे

मापे वाढवायला चौकटींची रीत सोपी. फोटो १८ सेंटिमीटर रुंद आणि प्रतिकृती ५४ सेंटिमीटर, तर पट तीन. फोटोवर २ सेंटिमीटरचे चौकोन आखा, मोठ्या ट्रेसिंग कागदावर ६ सेंटिमीटरचे. हातकागदावर थेट चौकोन आखू नका. खोडरबराने त्याचा पोत उठतो आणि त्या जागी रंग डाग धरतो.

ट्रेसिंगच्या मागे कोरडा गेरू चोळा, हातकागदावर ठेवा आणि टोकदार काडीने दाबा. कार्बन पेपर वापरू नका. त्यात मेण असते, त्यावर डिंकाचा रंग फाटतो. उतरवताना पूर्ण आकृती उतरवू नका. आकृतीभोवतीच्या महिरपीची कड आणि मोठ्या सपाट रंगांच्या सीमा हलक्या उतरवा. अंगाच्या रेघांसाठी मात्र फक्त ठिपके: माथा, हनुवटी, खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, टाच. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत हात मोकळा राहिला तरच रेघ जिवंत राहते. कोपर अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी चालेल, थांबलेली रेघ मात्र चालणार नाही.

रंगवण्याचा क्रम

आधी पार्श्वभूमी. अनेक पोस्टरांत आकृती महिरपीखाली उभी असते. महिरपीच्या आतला आणि बाहेरचा रंग वेगळा. रंग ताकापेक्षा दाट आणि इडलीच्या पिठापेक्षा पातळ ठेवा. दोन इंची चपट्या ब्रशने एक हात आडवा द्या, तो पूर्ण वाळला की दुसरा उभा. एकाच जाड हातात उरकलात तर वाळताना तडे जातात. आणि दिलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवू नका. डिंकाचा रंग पाण्याने परत सुटतो, खालचा थर वर येतो आणि चिखल होतो. कुठे विरळ राहिले असेल तर राहू द्या. मूळ चित्रांतही सपाट रंग भिंतीला दिलेल्या हातासारखाच आहे, छापल्यासारखा नाही.

मग अंगाचा सपाट रंग, त्यानंतर वस्त्र आणि वाद्य. थरांमध्ये निदान ४० मिनिटे जाऊ द्या. हाताच्या मागच्या बाजूने कागद चाचपा. गार लागला तर तो अजून ओला आहे.

मग रेघा. हे काम एका बैठकीत, त्याच क्रमांकांनुसार करा. सुरू करण्याआधी वर्तमानपत्री कागदावर दहा मिनिटे हात मोकळा करा. काळ्या रंगाची वाटी पूर्ण भरलेली असू द्या, मध्येच कालवायला लागला तर पुढच्या रेघा वेगळ्या काळ्या दिसतात. एखादी रेघ चुकली तर पुसू नका आणि तिच्यावरून दुसरी ओढू नका. पुढे जा. संपूर्ण चित्रात दोन-तीन चुकलेल्या रेघा खपतात, दुरुस्त केलेली एक खपत नाही. अगदीच बिघडली तर वाळल्यावर तो सपाट रंग त्या जागी पूर्ण आकारभर पुन्हा द्या आणि रेघ नव्याने काढा.

शेवटी उजळ ठिपके, वस्त्राची नक्षी, डोळ्यातला पांढरा. हे सगळ्यात दाट रंगाने, बारीक ब्रशने, एकदाच टेकवून.

पुण्याची हवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये रंग ब्रशवरच वाळतो. तेव्हा सकाळी सात ते दहा काम करा, पंखा बंद ठेवा आणि दुधाइतक्या पातळ रंगात आणखी थोडे पाणी घाला. डिंक वाढवू नका, कोरड्या हवेत तोच तडे पाडतो. जुलै-ऑगस्टमध्ये ४० मिनिटांचे दोन-तीन तास होतात, ताणलेला कागद सैल पडतो आणि सरसावर बुरशी येते. पावसाळ्यात सराव करा, सरस आणि अंतिम रंगकाम ठेवून द्या.

चढवणे आणि मागची नोंद

वाळल्यावर दोन दिवस फळीवरच राहू द्या, मग कापून काढा. वर व्हार्निश किंवा स्प्रे मारू नका. गेरू काळवंडतो आणि मातीचा निस्तेजपणा कायमचा जातो.

आम्लमुक्त बोर्ड २ मिलिमीटरचा घ्या. खळ गव्हाच्या सत्त्वाची किंवा मैद्याची, एकास पाच पाणी, मंद आचेवर वीस मिनिटे शिजवलेली. जुन्या रीतीत कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत. ते विषारी आहे आणि तांब्यामुळे कागद कालांतराने जळल्यासारखा तपकिरी होतो. त्याऐवजी लवंगेचे तेल घाला. खळ बोर्डाला पातळ लावा, चित्राला नाही, नाहीतर ओल रंगापर्यंत पोचते. बोर्डाच्या मागे त्याच वजनाचा दुसरा हातकागद चिकटवा, नाहीतर बोर्ड पापडासारखा वाकतो. वर गुळगुळीत कागद आणि सपाट फळी ठेवून दोन दिवस वजनाखाली ठेवा. फ्रेममध्ये काच आणि चित्र यांच्यात ५ मिलिमीटरचे अंतर हवे. काच टेकली तर पावसाळ्यात रंग तिला चिकटतो.

चित्र जुने दिसावे म्हणून चहाचे पाणी फिरवू नका, कडा जाळू नका. मूळच्या कोपऱ्यातली सहीही उतरवू नका. माप मूळापेक्षा निदान दहा टक्के कमी किंवा जास्त ठेवा. मागच्या कागदावर, चढवण्याआधीच, न पुसणाऱ्या शाईने लिहा: 'प्रतिकृती', मूळ चित्रकाराचे नाव, मूळ चित्र कुठे आहे, तुमचे नाव, तारीख आणि वापरलेले रंग. नंदलाल बोस हे कायद्याने 'कलासंपदा' ठरवलेल्या नऊ चित्रकारांपैकी एक आहेत आणि त्यांची मूळ चित्रे देशाबाहेर नेता येत नाहीत. नोंद नसलेली चांगली प्रतिकृती परदेशी पाठवताना कस्टममध्ये अडकू शकते. नोंद चिकटवलेल्या चिठ्ठीवर नको, ती निघते. थेट कागदावरच लिहा.